घरच्या भिंतीवर बोटांची कसोटी

पावसाळ्यात सह्याद्रीचे कडे ओले आणि शेवाळलेले असतात. त्यामुळे मुंबई-पुण्याकडचे प्रस्तरारोहक घरीच सराव करतात. गच्चीवर किंवा गॅरेजमध्ये १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची कललेली भिंत उभी राहते, तिला रंगीत होल्ड लागतात आणि दिवाळीनंतर तैलबैला किंवा ड्यूक्स नोज चढायची तयारी सुरू होते. व्यायाम म्हणून हे उत्तमच. काळजी आहे ती बोटांची.

बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर ते मनगट या भागात असतात. त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, बोटांच्या टोकांपर्यंत जातात. पडद्याची दोरी कड्यांतून ओवावी तशा त्या हाडालगतच्या चिवट पट्ट्यांतून जातात. अगदी बारीक खाचेवर मधला सांधा काटकोनात वाकवून लटकले की बोटाच्या मुळाजवळच्या पट्ट्यावर सर्वाधिक ताण येतो. तो फाटतो तेव्हा कित्येकदा ‘टक्’ असा आवाज येतो. बहुधा बळी पडते ते अनामिकेचे बोट. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसते, म्हणून ‘मुरगळले असेल’ म्हणत आठवड्याभरात पुन्हा लटकणारे असतात. हा पट्टा सोनोग्राफीत दिसतो. एकच पट्टा फाटला असेल तर सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. पण बोटात आधाराची कडी घालून दोन-तीन महिने थांबावे लागते. सप्टेंबरमध्ये असे झाले तर हंगामाचा मोठा भाग हातचा जातो.

याचे मूळ शरीराच्या दोन वेगवेगळ्या चालींत आहे. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढते. कंडरा आणि पट्टे यांना रक्तपुरवठा कमी. त्यांना कित्येक महिने लागतात. उत्साही माणूस स्नायूंवर विश्वास ठेवतो आणि बोट मागे राहते. कड्यावर ही दरी आपोआप भरून निघते. तिथे निम्मा दिवस साथीदाराचा दोर सांभाळण्यात आणि वाट पाहण्यात जातो, शिवाय जायला मिळते ते रविवारीच. घरची भिंत मात्र रोज जेवणानंतर पाच पावलांवर असते. म्हणून जोरकस सरावाच्या दोन दिवसांत एक-दोन दिवसांची सुट्टी वेळापत्रकातच लिहिलेली हवी.

दुसरी चूक नकलेची. वुल्फगांग गुलिच याने १९८८ मध्ये न्यूरेम्बर्गमध्ये पाय न लावता केवळ बोटांवर चढण्याची फळी तयार केली. फ्रँकेनयुराच्या चुनखडीतल्या बोटभर खळग्यांसाठी ती होती आणि गुलिच तेव्हाच जगातल्या अव्वल आरोहकांपैकी एक होता. ४० अंश पुढे झुकलेला मूनबोर्डही असाच कसलेल्यांसाठी. सह्याद्रीच्या बेसॉल्टवर नवख्याचे काम मुख्यतः पायांवर आणि होल्ड हलतो का हे ठोकून पाहण्यावर चालते. त्याने भिंतीचा कल १५-२० अंशांवर ठेवावा, होल्ड मोठे घ्यावेत. वाचलेले पैसे जाड गाद्यांवर घालावेत. दोन गाद्यांमधल्या फटीत पाय गेला की घोटा मुरगळलाच. फ्लॅटमधल्या चार इंची विटांच्या भिंतीत बोल्ट ठोकून फळी टांगण्याचा मोहही नको, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी चौकट करावी.

घरात भिंत आली की मुलेही तिच्यावर चढणारच, आणि चढू द्यावीत. मात्र वाढीच्या वयात, साधारण १३ ते १६ वर्षांत, बोटांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढपट्टी असते. सततच्या ताणाने तिथे हाड भंगते, बहुतेकदा मधल्या बोटात. बारीक होल्डवर लटकणे आणि ती गुलिचची फळी या वयाला वर्ज्यच समजावी. एकाही पडझडीशिवाय मुलाच्या बोटाचा मधला सांधा दुखू लागला तर मलम चोळत बसू नये. चढणे त्याच दिवशी थांबवून अस्थितज्ज्ञाकडून एक्स-रे काढून घ्यावा. इथे एक्स-रे उपयोगी पडतो. वेळीच विश्रांती मिळाली तर हाड सहसा पूर्ण भरून येते, दुर्लक्ष झाले तर बोट कायमचे वाकडे किंवा ताठ राहू शकते.