लस, लाज आणि संमती

आमच्या महाविद्यालयातील आरोग्यविषयक व्याख्यानात ‘गर्भाशयग्रीवेचा कर्करोग’ हा शब्दप्रयोग अनेकदा झाला. मुली निमूटपणे ऐकत होत्या. नंतर एकीने हळूच विचारले, “मॅडम, म्हणजे पिशवीच्या तोंडाचाच ना? माझ्या आत्याला तोच होता.” आत्या गेली होती. व्याख्यानातील शब्द आणि घरातील मृत्यू यांची गाठ पडायला तासभर लागला.

कावळा शिवणे, अंगावरून जाणे, पिशवी काढणे : स्त्रीदेहाविषयीची आपली बोली आडपडद्याची आहे. या रोगाने भारतात २०२२ मध्ये सुमारे ८० हजार स्त्रियांचा बळी घेतला, हे पाहिले की त्या आडपडद्याची किंमत कळते. रोगाचे कारण असलेला एचपीव्ही विषाणू मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून लस त्याआधी, ९ ते १४ या वयात, देणे सर्वाधिक हिताचे. नेमके इथेच आईचे मन अडते : “लग्नाआधी कशाला?” लसीचा संबंध चारित्र्याशी जोडला जातो आणि बोलणे खुंटते.

तरीही या अडखळण्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. २००९ मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत ही लस प्रकल्प म्हणून देण्यात आली व २०१० मध्ये तो थांबवावा लागला. मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण खम्मममध्ये अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी वा मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचे उघड झाले. जिथे विचारलेच गेले नाही, तिथे विश्वास कसा उरावा?

याउलट उदाहरण आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातले आहे. तेथील खेड्यांत ज्या स्त्रियांना तपासणी देऊ केली गेली, त्यांतील बहुसंख्य तपासणीस आल्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही मृत्यू घटतात, हा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगाला मिळाला, तो त्यांच्यामुळे. नीट सांगितले, तर खेड्यातली बाई मागे राहत नाही.

२०२३ पासून पुण्यात तयार झालेली लस उपलब्ध आहे. ती घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकत नाही, हेही सांगायला हवे. मात्र ते कोणत्या मराठीत सांगायचे, हा प्रश्न डॉक्टरांइतकाच आपला, भाषेच्या शिक्षकांचा आहे. ‘पिशवीचे तोंड’ हा शब्द अशास्त्रीय असेल. पण त्या मुलीच्या आत्याला तो कळला असता.