काच नवी, नजर जुनी
कुवेतचा नवा वाहतूक कायदा २२ एप्रिल २०२५ रोजी लागू झाला आणि चर्चा झाली ती दंडांची. रिग्गईत तडकलेली पुढची काच बदलताना मात्र वेगळाच धोका नजरेआड राहतो. नव्या गाड्यांत आरशामागचा कॅमेरा याच काचेतून रस्ता पाहतो. त्याचा रोख एका अंशाने ढळला, तर १०० मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते. म्हणजे जवळजवळ अर्धी मार्गिका. स्वयंचलित ब्रेक मग भलत्याच वाहनासाठी लागेल किंवा लागणारच नाही. इशारा देणारा दिवा पेटेलच, असेही नाही. कॅलिब्रेशन खूणफलकासमोर करायचे की रस्त्यावर गाडी चालवून, हे उत्पादक ठरवतो. धुळीने पट्टे झाकले की दुसरी पद्धत अडते. सक्तीचा तृतीय पक्ष विमा स्वतःच्या काचेचे पैसे देत नाही, म्हणून काटकसर होते ती नेमकी येथेच. शुवैखच्या गॅरेजात दर विचारताना कॅलिब्रेशनचा छापील अहवाल मिळणार का, हेही विचारावे.