‘तुम्ही तिथे होतात का?’

कलेविषयीचा कोणताही वाद तत्काळ संपवण्याचा एक हमखास उपाय आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. समोरचा मुद्देसूद बोलू लागला, त्याच्याजवळ दाखले आहेत असे दिसू लागले आणि आपल्याजवळचे संपत आले, की शांतपणे विचारायचे, ‘तुम्ही तिथे होतात का?’ समोरचा बहुधा नसतोच. मग त्याने गप्प बसायचे असते. या प्रश्नाला आम्ही युक्तिवाद मानत नाही. तो दारावरचा पहारा आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी तो मोडून काढला पाहिजे, असे आमचे मत आहे. आमचे उदाहरण मात्र साहित्यातले नाही. ते एका रॉक बँडच्या चाहत्यांचे आहे, आणि घडले ते सोलापूरच्या सात रस्त्यावर.

२००८ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. संगमेश्वर महाविद्यालयाच्या बाजूने सात रस्त्याकडे येताना लागणाऱ्या एका चहाच्या गाड्यावर आमचा सात-आठ जणांचा कंपू संध्याकाळी जमत असे. विषय ठरलेला असे : आयर्न मेडन. १९७५ मध्ये पूर्व लंडनमध्ये स्टीव्ह हॅरिस या बेसवादकाने उभा केलेला हा इंग्रज बँड आमच्यापर्यंत पोचला होता तो नकला केलेल्या कॅसेटी आणि नंतर घासून घासून अडखळणाऱ्या सीडी यांच्या वाटेने. त्याचा सर्वोत्तम अल्बम कोणता आणि सर्वोत्तम दौरा कोणता, हे आमचे दोन सनातन प्रश्न होते. एक पक्ष १९८४ च्या ‘पॉवरस्लेव्ह’चा, दुसरा १९८६ च्या ‘समव्हेअर इन टाइम’चा. १९८८ च्या ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’ला मानणारा एकटा होता आणि त्याला आम्ही उगीचच तत्त्वज्ञ म्हणत असू.

त्या वर्षी १ फेब्रुवारीला आयर्न मेडनने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कार्यक्रम केला. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत बँडला घेऊन जगभर फिरत होता, आणि त्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईपासून झाली. आमच्यापैकी एक जण सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून तिथे जाऊन आला. काळा टीशर्ट, बसलेला घसा आणि चेहऱ्यावर तीर्थयात्रेहून परतलेल्याचे तेज. त्याचा आनंद खरा होता आणि आम्हालाही त्याचा हेवा वाटला, हे आधीच कबूल करतो.

त्या संध्याकाळी इंग्रजी साहित्य घेऊन बी. ए. करणारी आमची एक मैत्रीण ‘पॉवरस्लेव्ह’च्या शेवटच्या गाण्याविषयी बोलत होती. ते गाणे म्हणजे कोलरिजच्या १७९८ मधल्या ‘राइम ऑफ द एन्शन्ट मरिनर’ या दीर्घकवितेची हॅरिसने केलेली तेरा मिनिटांहून मोठी संगीत-आवृत्ती. तिचे निरीक्षण असे होते : कवितेत जहाजावरचे दोनशे खलाशी एकामागून एक मरून पडतात, त्या ठिकाणी गाणे मोठे होत नाही, उलट ओस पडते. ढोलांचा गजर थांबतो, उरतो तो बेसचा हलका नाद आणि लाकूड करकरल्याचा आवाज. गायक गाणे सोडून कोलरिजची कडवी नुसती म्हणतो. ज्या संगीताला लोक गोंगाट म्हणतात ते मृत्यूपाशी आल्यावर गप्प होते, आणि ही त्या गाण्याने कवितेवर केलेली टीकाच आहे, असे तिचे म्हणणे. म्हणून अल्बम म्हणून ‘पॉवरस्लेव्ह’ श्रेष्ठ.

मुंबईहून आलेल्या मित्राने कप खाली ठेवला आणि म्हणाला, ‘तू बघितलास का लाइव्ह? नाही ना? मग कशाला बोलतीस?’

ती गप्प झाली. आम्हीही गप्प राहिलो, आणि आमचा दोष तो. ती त्यानंतर त्या विषयावर आमच्यात फारशी बोलली नाही. त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर आज देत आहोत.

पहिली गोष्ट. आमच्या मित्राने नेमके काय पाहिले होते? २००८ चा तो दौरा १९८४-८५ च्या गाजलेल्या ‘वर्ल्ड स्लेव्हरी’ दौऱ्याची जाणीवपूर्वक केलेली आठवण होता. तीच इजिप्शियन धर्तीच्या नेपथ्याची कल्पना आणि बव्हंशी ऐंशीच्या दशकातलीच गाणी. मूळ दौरा १९८४ च्या ऑगस्टमध्ये पोलंडमधून निघाला आणि पुढच्या वर्षीच्या जुलैत अमेरिकेत संपला. त्या वेळी आमच्या मित्राचा जन्मही झालेला नव्हता. म्हणजे ज्या दौऱ्याला तो ‘सर्वोत्तम’ म्हणत होता तो त्याने आमच्याइतकाच पाहिला होता, म्हणजे अजिबात नाही. पाहिले ते त्या दौऱ्याचे तेवीस वर्षांनंतरचे स्मरण. ते पाहण्यात उणे काही नाही. पण स्मरणसोहळ्याला हजर राहून मूळ घटनेचा साक्षीदार होता येत नाही.

दुसरी गोष्ट. ‘समव्हेअर इन टाइम’च्या अखेरीस अलेक्झांडरवर एक लांबलचक गाणे आहे. त्यात त्याच्या सैन्याने हिंदुस्थानात पुढे यायला नकार दिल्याचाही उल्लेख येतो. शालेय इतिहासाच्या पुस्तकासारखे सनावळ्या सांगणारे म्हणून काहींनी त्याची थट्टा केली, तर काहींनी त्याच्या मधल्या वाद्यभागासाठी त्याला बँडच्या शिखरांत गणले. हे गाणे बँडने १९८६ नंतर रंगमंचावर वाजवलेच नाही. पहिल्यांदा वाजले ते २०२३ मध्ये. सदतीस वर्षे जगातल्या एकाही माणसाने ते प्रत्यक्ष ऐकले नव्हते. ‘जो तिथे होता त्यानेच बोलावे’ हा नियम खरा मानला, तर या काळात त्या गाण्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणालाच नव्हता असे म्हणावे लागेल. वस्तुस्थिती उलट आहे. चाहत्यांनी ते ध्वनिमुद्रणातून ऐकले, त्यावर भांडले, त्याची मागणी लावून धरली. त्या गाण्याची प्रतिष्ठा संपूर्णपणे तिथे नसलेल्यांनी उभी केली.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, कारण ती प्रमाणग्रंथ कसे ठरतात याविषयी काही सांगते. १९८४-८५ चा दौरा सर्वोत्तम असे बहुसंख्य चाहते म्हणतात. का? त्याचे एक कारण म्हणजे ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ हा १९८५ चा दुहेरी अल्बम. त्याच्या तीन बाजू कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथल्या कार्यक्रमांच्या, चौथी लंडनच्या हॅमरस्मिथमधली. पुढच्याच, १९८६-८७ च्या दौऱ्याचा असा एकही अधिकृत लाइव्ह अल्बम निघाला नाही. त्याच्या खुणा उरल्या त्या प्रेक्षकांनी चोरून केलेल्या खरखरीत ध्वनिमुद्रणांत. मग या दोन दौऱ्यांची तुलना आपण करतो तेव्हा कशाची करतो? एका बाजूला संपादित, मिश्रित, वेष्टनासह आलेली संहिता आणि दुसऱ्या बाजूला अफवा. जे जपले गेले ते थोर ठरले. हस्तलिखितांच्या आणि गाथांच्या इतिहासातही हेच घडत आले आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. तेव्हा ‘तिथे होतो’ म्हणणाराही बहुतेक वेळा ध्वनिमुद्रणाच्याच आधाराने बोलत असतो. फक्त तो ते मान्य करत नाही.

हा आजार रॉकच्या चाहत्यांनी शोधून काढलेला नाही. मराठी नाट्यसंगीताच्या रसिकांनी तो त्यांच्याआधी कित्येक वर्षे जोपासला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या त्या प्रयोगात कोण सरस ठरला याचा वाद मग अनेक दशके पुरला. केशवराव त्याच वर्षी गेले. बालगंधर्व १९६७ पर्यंत जगले. एकाची आठवण त्याच्या अकाली मरणाने गोठली, दुसऱ्याची त्याच्या दीर्घ उतरणीसह चालत राहिली. पुढच्या पिढीने तबकड्या ऐकून काही म्हणू पाहिले, की वडीलधारे सांगत, ‘तुम्ही बालगंधर्व ऐकलेच नाहीत.’ वाद तिथेच संपे. त्या मुलांना बालगंधर्वांच्या लयीविषयी, शब्द टाकण्याच्या पद्धतीविषयी जे सुचले असेल, ते त्यांच्या तोंडातच राहिले.

आणि आमच्या सोलापूरचेच उदाहरण घ्या. पेशवाईच्या उत्तरार्धातला शाहीर राम जोशी मूळचा इथला. त्याचा फड आज जिवंत असलेल्या कोणीही पाहिलेला नाही. त्याचा आवाज कसा होता, डफावर थाप कशी पडे, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. १९४७ चा चित्रपट पाहून राम जोशी पाहिल्याचे समाधान ज्यांना मानायचे त्यांनी मानावे. तरीही आपण त्याच्या लावण्या शिकवतो, त्याच्या यमकांच्या करामतीवर प्रश्न विचारतो, त्याला होनाजी बाळाशेजारी ठेवून मोजतो. इथे ‘तुम्ही तिथे होतात का?’ असे कोणी विचारत नाही, कारण विचारणाराच तिथे नव्हता. म्हणजे हा प्रश्न ज्ञानाचा नाहीच. तो जिवंत माणसांमधल्या उतरंडीचा आहे. ज्यांची उतरंड संपली त्यांच्याविषयी आपण निर्धास्तपणे संहितेवरून बोलतो.

आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. प्रयोग ही स्वतंत्र कलाकृती आहे. हजारो माणसे एका स्वरात ओरडतात तेव्हा जे घडते ते कॅसेटीत मावत नाही. आयर्न मेडनसारख्या बँडची तर अर्धी कमाई रंगमंचावरची. हे आम्हाला मान्य आहे. कार्यक्रमाला गेलेल्या मित्राजवळ आमच्याजवळ नसलेली माहिती होती. गाण्याची गती किती वाढली, कोणत्या गाण्याला मैदान हलले, ध्वनीची व्यवस्था कुठे फसली, हे तो सांगू शकला असता आणि आम्ही कान देऊन ऐकले असते. तो हे काहीच बोलला नाही. आपले अनुभवाचे भांडवल त्याने दाखला म्हणून मांडले नाही, हुकूम म्हणून वापरले. शिवाय मैत्रिणीचा मुद्दा प्रयोगाविषयी नव्हताच. तो एका ध्वनिमुद्रित रचनेतल्या शांततेविषयी होता. मैदानात त्या शांततेत प्रेक्षकांचा कल्लोळ शिरणारच. तिथे वेगळे काहीतरी मिळते, पण ती शांतता मिळत नाही. या एका बाबतीत सोलापुरातल्या खोलीत, कानाला हेडफोन लावून बसलेली ती त्याच्यापेक्षा अधिक ‘तिथे’ होती.

याच्या उलट टोकालाही आम्हाला जायचे नाही. दूर असणे हा गुण नाही. लहान गावातल्या अभावाचे गोडवे गाऊन ‘आमचेच ऐकणे शुद्ध’ असे म्हणण्याचा मोह आम्हालाही झाला आहे, आणि तो तितकाच खोटा आहे. ती गेली असती तर तिने आणखी पुष्कळ सांगितले असते. पण ती का गेली नाही, हे विचारले पाहिजे. तिकिटाचे पैसे, रात्रीची गाडी, मुंबईत उतरायला घर, आणि या सगळ्याआधी, मुलीने एकटीने इंग्रजी गाण्यांच्या कार्यक्रमाला जायचे म्हणजे घरात द्यावे लागणारे उत्तर. ‘तू बघितलास का?’ या प्रश्नात हे सगळे दडलेले असते. विचारणारा समजतो की आपण रसिकतेची परीक्षा घेत आहोत. प्रत्यक्षात तो खिसा, गाव आणि लिंग तपासत असतो.

म्हणून हा विषय केवळ एका बँडच्या चाहत्यांचा नाही. आमच्यापैकी दोघे आज महाविद्यालयात साहित्य शिकवतात आणि हाच प्रश्न वर्गांतून व चर्चासत्रांतून वेगवेगळ्या वेशांत भेटतो, असे त्यांचे सांगणे आहे. लघुअनियतकालिकांच्या चळवळीवर बोलू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तो काळ तुम्ही पाहिलेला नाही’ असे बजावले जाते. एखाद्या कवीवर आक्षेप घेणाऱ्या मुलीला ‘आम्ही त्यांच्या बैठकीत बसलो आहोत’ असे ऐकवले जाते. बैठकीत बसलेल्याने त्या बैठकीची साक्ष जरूर द्यावी. आम्ही ती टिपून घेऊ. पण साक्षीदार आणि न्यायाधीश यांच्या खुर्च्या वेगळ्या असतात, आणि एकाच माणसाने दोन्हींवर बसू नये.

‘सर्वोत्तम अल्बम कोणता?’ हा प्रश्न पोरकट आहे, असे काही विद्वान म्हणतील. आम्हाला तसे वाटत नाही. मूल्यमापन टाळून केवळ वर्णन करत बसलेल्या आपल्या समीक्षेपेक्षा चहाच्या गाड्यावरचे ते भांडण कितीतरी प्रामाणिक होते. तिथे ‘हे श्रेष्ठ’ म्हणणाऱ्याला ‘का?’ असे विचारले जाई, आणि उत्तर म्हणून गाण्यातली नेमकी जागा दाखवावी लागे. दुसरा घरी जाऊन ती जागा पुन्हा ऐके आणि दुसऱ्या दिवशी भांडायला येई. समीक्षेला याहून अधिक काय लागते? हे चक्र एका प्रश्नाने थांबले, आणि ते थांबले तेव्हा नुकसान तिचे एकटीचे झाले नाही. कोलरिजच्या खलाशांविषयी ती आणखी काय म्हणणार होती, ते आम्हाला आजतागायत कळलेले नाही.