भाषेची भापा

गेल्या फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिनाच्या आमच्या कार्यक्रमाचा फलक बडोद्यातील एका सभागृहाच्या दाराशी लागला होता. किरमिजी पार्श्वभूमीवर पांढरी, भारदस्त अक्षरे. उभे दंड चार बोटे जाड आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा दोऱ्यासारख्या. रस्त्यापलीकडून वाचले, तो ‘मराठी भापा’. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ रंगाने गिळली होती. गुजराती माध्यमात शिकणाऱ्या नातवाने विचारले, “आजोबा, भापा म्हणजे काय?”

संयोजकांच्या कानी हे घातले, तेव्हा उत्तर मिळाले, “पण अक्षर किती उठावदार आहे!” माझे भांडण या उत्तराशी आहे.

जाड-बारीक रेघांतला हा टोकाचा विरोध रोमन लिपीतून आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये दिदो आणि पार्मामध्ये बोदोनी यांनी तो टोकाला नेला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या खिळे ओतणाऱ्या कारखान्यांनी त्यातील जाड रेघा आणखी फुगवून ‘फॅट फेस’ घडवले. लॉटरीच्या भित्तिपत्रकांवर ते शोभलेही. परंतु खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचे अक्षर स्वतंत्र कोरावे लागे, आणि लहान आकारात जाणता कारागीर बारीक रेघ थोडी भरीव ठेवी. आज संगणकावर एकच आराखडा फलकापासून निमंत्रणपत्रिकेच्या शेवटच्या ओळीपर्यंत ताणला वा आवळला जातो. इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४ सालचा ‘रोझा वन’ हा याच घराण्यातला देवनागरी-रोमन टंक. तो मोठ्या मथळ्यांसाठी आहे आणि तिथे देखणा दिसतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. अपराध टंकाचा नाही. तो कुठेही वापरणाऱ्याचा आहे.

रोमनमध्येही आडवी रेघ हरवली की ‘ई’चा ‘सी’ होतो. आपल्याकडे ‘ष’चा ‘प’ होतो, ‘ब’चा ‘व’ होतो. परिषदेची परिपद होते, बाळाचे वाळ होते. (बडोद्याचे वडोदे झाले तर निदान गाव तरी ओळखू येते!) बोरूच्या तिरक्या कापातून आलेला जाड-बारीकपणा आपल्या लिपीलाही आहे. निर्णयसागरच्या जुन्या पोथ्या उघडून पाहाव्यात. तिथे बारीक रेघही रेघ म्हणून उरते, कारण अर्थ तिच्यावर तोललेला आहे हे ती कोरणाऱ्याला ठाऊक होते.

पुण्यात एक फलक बिघडला तर शेजारचे शंभर फलक त्याला सावरून घेतात. आमच्या शहरात मराठी घराबाहेर दिसते ती वर्षातून चार-सहा वेळा, अशाच कार्यक्रमांच्या दाराशी. तीही वाचता येऊ नये आणि तिला आपण सजावट म्हणावे?

पुढच्या फलकाचा नमुना पडद्यावर पाहून संमत करू नये. मुख्य शब्द प्रत्यक्ष आकारात, प्रत्यक्ष रंगात छापून आणावा, भिंतीला लावावा आणि तीस पावलांवरून मंडळातल्या सर्वांत वयस्क सभासदाकडून वाचून घ्यावा. ‘ष’ दिसला नाही, तर दुसरा टंक निवडावा. या कामासाठी मी केव्हाही यायला तयार आहे. चष्म्याचा नंबरही गेली तीन वर्षे बदललेला नाही.