‘पहिल्या’ एडवर्डच्या आधीचे तीन

इंग्लंडच्या इतिहासात १२७२ साली गादीवर आलेल्या राजाला ‘पहिला एडवर्ड’ म्हणतात. वस्तुतः त्याच्या आधी याच नावाचे तीन राजे होऊन गेले होते: राजा आल्फ्रेडचा मुलगा ‘थोरला’ एडवर्ड, ९७८ मध्ये मारला गेलेला ‘हुतात्मा’ एडवर्ड आणि १०६६ च्या जानेवारीत निवर्तलेला, पुढे संतपदाला पोचलेला एडवर्ड ‘द कन्फेसर’. राजांची मोजदाद नॉर्मन विजयापासून धरली गेल्यामुळे हे तिघे क्रमांकाविनाच राहिले. नावाचा इतिहास आणि सत्तेचा इतिहास किती एकमेकांत गुंतलेले असतात, हे या एका क्रमांकावरून दिसते.

साहित्याच्या वर्गात मात्र पात्राच्या नावाचा विषय निघाला की आपण थेट व्युत्पत्तीकडे धावतो. जुन्या इंग्रजीत या नावाच्या पूर्वपदाचा अर्थ संपत्ती किंवा भाग्य, उत्तरपदाचा अर्थ रक्षक. म्हणून एडवर्ड म्हणजे ‘संपत्तीचा रक्षक’. मग ‘जेन एअर’मधला (१८४७) एडवर्ड रॉचेस्टर आपल्या वाड्यात एक गुपित राखून आहे, त्याच्याशी या ‘रक्षका’चा धागा जोडण्याचा मोह होतो. माझ्या मते हे वाचन चकवा देणारे आहे. अँग्लो-सॅक्सन नावे दोन पदांची असत, पण त्या पदांतून सलग अर्थ निघालाच पाहिजे असा आग्रह नसे. थोरल्या एडवर्डच्या मुलांत एडमंड आणि एड्रेड, तर नातवांत एडविग आणि एडगर आहेत. तिथे ‘एड’ हे पद संपत्तीपेक्षा कुळाची खूण सांगते. एकोणिसाव्या शतकातल्या सामान्य वाचकाला तर हा मूळ अर्थ ऐकूही येत नव्हता.

नावाचा खरा अर्थ त्याच्या प्रवासात शोधावा लागतो. १०६६ नंतरच्या काही पिढ्यांत विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री ही नॉर्मनांनी आणलेली नावे सर्वत्र रूढ झाली. आज ज्यांना आपण अस्सल इंग्रजी नावे समजतो, त्यांतली कितीतरी अशी जेत्यांबरोबर आलेली आहेत. आल्फ्रेड, हॅरोल्ड, एडगर ही देशी नावे मागे पडली. एडवर्ड का टिकले? इंग्रज जनतेच्या अभिमानामुळे, असे उत्तर सुचते. पण ते अपुरे आहे. कन्फेसरची आई एमा ही नॉर्मन होती, त्याचे तारुण्य नॉर्मंडीत परागंदा अवस्थेत गेले आणि विजेत्या विल्यमने आपला हक्क त्याचा वारस म्हणूनच सांगितला. हा इंग्रज राजा नव्या राजघराण्याला सोयीचा होता. ११६१ मध्ये पोपने त्याला संत घोषित केले. पुढे तिसरा हेन्री त्याचा निस्सीम भक्त झाला. १२३९ मध्ये जन्मलेल्या थोरल्या मुलाचे नाव त्याने एडवर्ड ठेवले आणि या संताच्या गौरवार्थ वेस्टमिन्स्टर ॲबी नव्याने बांधायला घेतली. म्हणजे अँग्लो-सॅक्सन नाव राजघराण्यात परत आणले ते फ्रेंच बोलणाऱ्या दरबाराने! त्यानंतर १३७७ पर्यंत ओळीने तीन एडवर्ड गादीवर आले आणि नाव घरोघरी पोचले.

आल्फ्रेडची कथा वेगळी आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अँग्लो-सॅक्सन भूतकाळाची नवी ओढ निर्माण झाली, तेव्हा ते नाव पुन्हा प्रचारात आले. म्हणून रॉचेस्टरचे एडवर्ड आणि कवी टेनिसनचे (जन्म १८०९) आल्फ्रेड यांना ‘जुनी इंग्रजी नावे’ म्हणून एकाच खणात टाकणे चूक ठरते. पहिले वापरात टिकून राहिले, दुसऱ्याचे पुनरुज्जीवन झाले. व्युत्पत्तीच्या कोशात हा भेद दिसत नाही.

राजनाम हीही एक निवड असते. व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा आल्बर्ट एडवर्ड. १९०१ मध्ये गादीवर येताना त्याने वडिलांचे जर्मन वळणाचे नाव बाजूला ठेवून ‘सातवा एडवर्ड’ हे नाव घेतले. त्याच्या स्मरणार्थ परळला १९२६ मध्ये सुरू झालेले रुग्णालय आज सर्वांच्या तोंडी नुसते ‘केईएम’ आहे. त्यातल्या ‘ई’मागे कोण उभा आहे, हे सहसा कुणाच्या मनातही येत नाही.

व्युत्पत्ती निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. तिच्यामुळे नावाचा जन्म कळतो. पण पुढे ते कुणी टाकले, कुणी उचलले आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय पात्राच्या नावावर भाष्य करू नये. निदान वर्गात तरी हा क्रम आपण पाळावा.