पोरगं रेडिओवर बोलतंय, कौतुक आहेच. पण पैसे कोणाच्या खात्यात?

चिंचोटी : आवाज खणखणीत, बोलणं चटपटीत आणि वय दहा-अकरा. असं पोरगं गावात असलं की पंधरा ऑगस्टपासून गणपती मंडळापर्यंत माईक त्याच्याच हातात. ‘याला रेडिओवर पाठवा’ असं कोणीतरी म्हणतंच. चिंचोटी, कामण, नायगाव पट्ट्यात हे स्वप्न फार लांबचं वाटत नाही. मुंबईचं एफएम इथे ऐकू येतं आणि मालिकांचे सेट तर हायवेला लागूनच आहेत.

अमीन सयानी असेच शाळकरी वयात थोरले भाऊ हमीद यांच्यामुळे मुंबई आकाशवाणीवर पोहोचले. तिथे इंग्रजी कार्यक्रमांत सुमारे दहा वर्षं भाग घेतला आणि १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. लहानपणी माईक हाती आला म्हणून कोणाचं वाईट झालं, असं नाही. पण त्या पोराला रोजचा कार्यक्रम दिला, पगार ठरवला, तर ती हौस राहत नाही. ते काम होतं, आणि कामाला कायदा लागतो.

बालकामगार कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामाला ठेवता येत नाही. सवलती दोनच. एक, शाळा सुटल्यावर घरच्यांना मदत. दुसरी, कलाकार म्हणून काम, तेही शाळा न बुडवता. २०१७ च्या नियमांत या कलाकारांच्या कामात रेडिओ आणि कार्यक्रमाचं निवेदन, दोन्ही येतं. म्हणजे छोटा आरजे बेकायदा नाही.

अटी मात्र कडक आहेत. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती हवीच. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त राबवता येत नाही. मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर आई-बापाच्या होकाराला अर्थ नाही. निर्मात्याने आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टरची, परवानगी घ्यायची. काम जिथे होणार त्या जिल्ह्याची परवानगी लागते. कंपनी अंधेरीची असली आणि शूटिंग कामणला असलं, तरी अर्ज पालघरलाच.

सगळ्यात कमी माहीत असलेली अट पैशाची. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत जायला हवेत. ते त्याला सज्ञान झाल्यावरच मिळतात. कोणी ‘सगळे रोख घ्या, कागद कशाला’ म्हणत असेल, तर तिथेच थांबलेलं बरं.

आता दुसरा डीजे, हळदीचा. घरचा साउंड असतो आणि पोरगं मिक्सरवर तरबेज असतं. लोक हौसेने व्हिडिओ काढतात. पण घरच्या धंद्याची सवलत संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत चालत नाही, आणि दिवसा मदत केली तरी ३ तासांची मर्यादा आहे. हळद तर रात्रीच रंगते! त्यातून भिंतीएवढ्या स्पीकरशेजारी तासन्‌तास उभं राहिल्याने कानाचं नुकसान होतं ते वेगळंच. याबद्दल गावात कोणी बोलत नाही, कारण यजमान आपलाच असतो.

गावच्या रेडिओत मुलांना जागा मिळायलाच हवी. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून गावच्याच माणसांच्या आवाजात चालते. पावसाळ्यात चिंचोटी धबधब्यावर बंदी लागली की तिथल्या मुलांनीच पर्यटकांना सांगावं, असा कार्यक्रम कोणाला नको? शाळेने बसवलेला आठवड्याचा अर्धा तास वेगळा आणि रोज सकाळी सातची ड्युटी वेगळी, एवढं पाळलं म्हणजे झालं.

खरी पळवाट मोबाइलवर आहे. तिथे स्टेशन नाही, मालक नाही, हजेरी नाही. यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे १८ वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या खात्यावर घेता येत नाहीत, ते मोठ्यांच्या खात्यावर येतात. आज किती तास रेकॉर्डिंग झालं आणि त्यातला पोराचा वाटा कुठे ठेवला, हे विचारणारं घराबाहेरचं माणूस तिथे नसतं. मुलावर जबरदस्ती होत असेल तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर फुकट लागतो. पोराला स्वतःलाही तो फिरवता येतो.