बाहेर पडलेल्यांची बखर

पुण्याच्या कोरेगाव पार्कातील आश्रमात रजनीशांच्या समाधीवर जो लेख कोरलेला आहे, त्याचा आशय असा : हा पुरुष कधी जन्मला नाही आणि कधी मेलाही नाही, ११ डिसेंबर १९३१ ते १९ जानेवारी १९९० या अवधीत तो या पृथ्वीवर केवळ पाहुणा म्हणून येऊन गेला. भक्तांना हा लेख उदात्त वाटतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तो वाचून सावध झाले पाहिजे. जो जन्मलाच नाही त्याचे चरित्र कसे लिहावयाचे? आणि जो केवळ पाहुणा होता, त्याच्या मुक्कामात घरातली भांडी किती फुटली याचा हिशेब कोणाकडे मागावयाचा?

हिशेब मागणारे लोक आहेत. ते बाहेरचे टीकाकार नव्हेत. त्यांनी भगवी वस्त्रे घातली, एकशे आठ मण्यांची माळ गळ्यात वागविली, नवी नावे घेतली, कोणी घरदार विकून पैसा दिला, कोणी पोटची पोरे घेऊन आश्रमात राहावयास आले. आणि एके दिवशी माळ उतरवून ते बाहेर पडले. गेली चाळीस वर्षे हे लोक आपापल्या आठवणी, पत्रे, छायाचित्रे आणि न्यायालयांतील कागद जुळवीत आहेत. माझे म्हणणे असे की, या पंथाचा खरा इतिहास आज कोठे सिद्ध होत असेल तर तो प्रामुख्याने याच लोकांच्या हातून होत आहे. आणि त्यांना कृतघ्न, फितूर, वैफल्यग्रस्त म्हणून वाटेला लावण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे, ती विवेकाला आणि नीतीला, दोहोंनाही सोडून आहे.

प्रथम एका विसंगतीकडे लक्ष वेधतो. आधुनिक काळात रजनीशांइतके ज्याचे बोलणे टिपून ठेवले गेले असे गुरू विरळाच. १९७४ साली ते मुंबईहून पुण्यास आले, तेव्हापासून सकाळचे प्रवचन ध्वनिफितीवर घ्यावे, त्याचा ग्रंथ करावा, संध्याकाळच्या भेटीत कोणास काय सांगितले त्याचीही दैनंदिनी छापावी, असा क्रम होता. ग्रंथ शेकड्यांनी निघाले. अमुक प्रवचन कोणत्या तारखेस झाले हे आजही सांगता येते. पण त्याच आवारात, भिंतीपलीकडच्या दालनात, मानसोपचाराच्या नावाखाली चाललेल्या गटांत कोणाला मारहाण झाली? कोणत्या तरुणींनी 'मूल हे साधनेतले विघ्न' या उपदेशाने शस्त्रक्रिया करून घेतल्या? आईबाप ध्यानात असताना मुलांकडे कोण पाहत होते? याची दैनंदिनी कोणी छापली नाही. ज्या पंथाने गुरूचा खोकलासुद्धा जतन केला, त्याने शिष्यांचा हुंदका जतन केला नाही.

तो जतन केला बाहेर पडलेल्यांनी. रजनीशांचा अंगरक्षक असलेला स्कॉटिश शिष्य ह्यू मिल्न १९८२ साली पंथातून निघाला आणि १९८६ साली त्याचे पुस्तक आले. १९८७ साली केट स्ट्रेलीचे आले. १९९२ साली सत्या भारती फ्रँकलिन या अमेरिकन लेखिकेचे आले. २००४ साली टिम गेस्ट या तरुणाने आपल्या बालपणाची कथा सांगितली. त्याचे बालपण पुणे, इंग्लंडातील सफोक, जर्मनी आणि ऑरेगॉन अशा पंथाच्या वसाहतींत आईच्या शोधात गेले होते. आणि २०२४ साली, त्या वसाहतींत वाढलेल्या स्त्रियांनी, आता प्रौढ वयात, आपल्यावर लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचारांची हकीकत एका बोलपटातून जगापुढे मांडली. ही कथने एकमेकांस न विचारता, निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या दशकांत लिहिली गेली. ती शेजारी शेजारी ठेवली की जे चित्र उभे राहते, ते एकेकट्या पुस्तकात नाही.

त्या चित्राने पहिला धक्का दिला आहे तो एका सोयीच्या समजुतीला. पंथाच्या सहानुभूतिदारांत एक वाटणी रूढ आहे : पुण्याचा काळ सुवर्णाचा, ऑरेगॉनचा काळ शीलेचा. १९८१ साली रजनीश अमेरिकेस गेले, चौसष्ट हजार एकरांचे कुरण घेऊन तेथे नगर वसविले गेले, आणि तेथे जे काही काळेबेरे झाले ते सर्व सचिव मा आनंद शीला आणि तिच्या टोळीने केले; गुरू त्या वेळी मौनात होते! हा युक्तिवाद कागदोपत्री टिकत नाही. मौन जगाशी होते. सचिवाशी रोजची भेट चालू होती. आणि हिंसा म्हणाल तर तिचे मूळ ऑरेगॉनच्या कुरणात नाही. कॅलिफोर्नियातील एसालेन या केंद्राचे एक संस्थापक रिचर्ड प्राइस हे पुण्याच्या गटांत बसून गेले आणि तेथील मारहाणीचा त्यांनी निषेध केला, ही गोष्ट सत्तरीतली आहे. जानेवारी १९७९ मध्ये तर आश्रमाने स्वतःच पत्रक काढून सांगितले की, गटांतील हिंसेचे कार्य आता पूर्ण झाले आहे, सबब ती बंद. कार्य पूर्ण झाले! चोराने चोरी थांबविल्याचे जाहीर करताना आजवरची चोरी साधनेचाच भाग होती असे म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. हे सारे घडले तेव्हा ऑरेगॉनचे नावही कोणाच्या मनात नव्हते. ते कोरेगाव पार्कात घडले.

आता पूर्वपक्षाकडे वळू, कारण तो दुबळा नाही. ऑक्सफर्डचे समाजशास्त्रज्ञ ब्रायन विल्सन यांनी असे मत मांडले होते की, पंथ सोडलेल्या माणसाची साक्ष सहजी विश्वसनीय धरता येत नाही. आपल्या गतायुष्याचे समर्थन करण्यासाठी तो 'मला भुलविले, मला फसविले' या ठरीव साच्यात आठवणी ओततो. आपल्याकडे हीच गोष्ट कमी शब्दांत सांगतात : खाल्ल्या घरचे वासे मोजणारा.

ठीक आहे. पण वासे मोजल्यावाचून घर केवढे होते हे कळत नाही. आणि जो त्या घरात जेवला नाही, झोपला नाही, त्याला ते आढ्याखाली उभे राहून मोजता येत नाहीत. फार तर रस्त्यावरून कौले मोजता येतील. अभ्यासकांनी पुष्कळदा कौलेच मोजली आहेत. यजमानांनी दाखविलेले बगिचे पाहावेत, हसतमुख साधकांशी दोन शब्द बोलावेत, आणि पंथ सोडून गेलेल्यांचे कथन पूर्वग्रहदूषित म्हणून बाजूला ठेवावे, याला निःपक्षपात म्हणत नाहीत. मानसशास्त्रज्ञ बेंजामिन बेट-हल्लाहमी यांनी याच विद्वानांना विचारले होते की, अलीकडच्या काळात पंथांनी जे मोठे अनर्थ केले, त्यांत अखेर कोणाचे म्हणणे खरे ठरले? सहानुभूतीने लिहिणाऱ्या पंडितांचे, की सोडून आलेल्यांचे? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

रजनीशांच्या पंथापुरते उत्तर ऑरेगॉनच्या वास्को परगण्यातच आहे. १९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात द डॅलेस या गावी दहा उपाहारगृहांत जेवलेले ७५१ लोक आजारी पडले. सरकारी आरोग्याधिकाऱ्यांनी चौकशी करून पहिला निष्कर्ष काढला तो असा की, अन्न हाताळणाऱ्या कामगारांची स्वच्छता अपुरी होती. तटस्थ, शास्त्रीय आणि साफ चूक! सॅलडच्या भांड्यांत साल्मोनेलाचे जंतू मुद्दाम मिसळले होते, नोव्हेंबरच्या स्थानिक निवडणुकीत गावचे मतदार अंथरुणाला खिळावेत एवढ्यासाठी. ते उघडकीस आले एक वर्षानंतर, १९८५ च्या शरदात, आतली माणसे पळाली, फुटली आणि बोलू लागली तेव्हा. नगराचा महापौर असलेला शिष्यच सरकारी साक्षीदार झाला. त्यालाही फितूर म्हणावयाचे काय? म्हणा. पण त्या फितुरीवाचून ७५१ माणसांच्या दुखण्याचा दोष आजही एखाद्या गरीब भांडी घासणाऱ्याच्या हातावर राहिला असता.

आणि पंथातील इतिहासाची रीत पाहावयाची असेल तर तीही त्याच शरदात दिसते. शीला पळाल्यावर रजनीशांनी आपल्या नावाचा धर्म संपल्याचे घोषित केले आणि 'रजनीशधर्मा'च्या पुस्तकाच्या हजारो प्रती समारंभपूर्वक अग्नीत टाकण्यात आल्या. काल जो धर्मग्रंथ होता तो आज शीलेचा कचरा ठरला. त्यानंतर इमिग्रेशनच्या कायद्याखालील गुन्ह्यांबाबत, आरोप न कबूल करताही शिक्षा पत्करण्याची जी सोय तेथील न्यायपद्धतीत आहे तिचा आधार घेऊन, चार लक्ष डॉलर दंड भरून रजनीश अमेरिकेतून निघाले. विषप्रयोगाबद्दल त्यांच्यावर खटला झाला नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण जो पंथ आपला ग्रंथ स्वतःच जाळतो, त्याच्या दफ्तरावर विसंबून राहावे आणि ज्यांनी ती प्रत घरी जपून ठेवली त्यांच्यावर अविश्वास दाखवावा, हा कोणता न्याय?

मराठी वाचकाला तरी या कामाचे मोल वेगळे सांगावे लागू नये. आपले आद्य गद्य कशाचे आहे? तेही एका वादग्रस्त पंथाच्या आठवणींचेच आहे. चक्रधर निघून गेल्यावर म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस ज्याच्या त्याच्याकडे जाऊन लीळा गोळा केल्या, त्या नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखल्या. पुढे मूळ पोथी धामधुमीत गेली तेव्हा परंपरेने ती पुन्हा स्मरणातून जुळविली; आणि जेथे दोघांच्या स्मरणात भेद पडला तेथे दोन्ही पाठ 'वासना' म्हणून नोंदवून ठेवले. एकाला खरा म्हणून दुसऱ्याचा गळा दाबला नाही. म्हाइंभट श्रद्धावंत होता आणि हे लोक श्रद्धा गमावलेले आहेत, हे अंतर मोठे आहे. पण कसोटी एकच : कोणी पाहिले, कोठे पाहिले, केव्हा पाहिले, आणि भेद असेल तर तो उघडा ठेवा.

ही कसोटी बाहेर पडलेल्यांनाही लावली पाहिजे. त्यांच्यातही असे आहेत की ज्यांना सगळे पाप शीलेच्या पदरात टाकून आपल्या तारुण्यातले पुणे निर्मळ ठेवावयाचे आहे. काहींच्या प्रकाशकांनी भडक रंग मागितला आणि त्यांनी तो दिला. सत्या भारती यांनीच, पंथात असताना, १९८१ साली गुरुस्तुतीची पुस्तके प्रसिद्ध केली होती आणि १९९२ साली निराशेचे प्रसिद्ध केले. आक्षेपक म्हणतात, यांतले खरे कोणते? मी म्हणतो, दोन्ही ठेवा. पहिल्यातला आनंद खोटा नव्हता. तो आनंद खरा होता म्हणूनच माणसे इतके सोसत राहिली. हे ज्याला उमगत नाही त्याला पंथ म्हणजे काय हेच कळले नाही. केवळ भोळसटांची टोळी समजून जो इतिहास लिहील, तोही भक्तांइतकाच खोटे लिहील.

पण एक साक्षीदार असा आहे की ज्याला 'फितूर' हा शब्द लागूच पडत नाही. तो म्हणजे मूल. फितूर होण्यास आधी निष्ठा वाहावी लागते. सहा-सात वर्षांच्या पोराने कोणती निष्ठा वाहिली होती? त्याने पंथ निवडला नाही, माळ मागितली नाही, 'आई ही मालकीची कल्पना आहे' या तत्त्वज्ञानावर सही केली नाही. २०१८ साली 'वाइल्ड वाइल्ड कंट्री' ही मालिका जगभर गाजली. सहा भागांत तिने जमीन, बंदुका, निवडणुका, शीलेचे तडफदार बोलणे हे सर्व दाखविले; पण त्या वसाहतीतली मुले तिला जवळजवळ दिसलीच नाहीत. ती कमतरता भरून काढण्यास त्या मुलांनाच पुढे यावे लागले. मुक्तीच्या नावाने प्रौढांनी जी बंधने तोडली, त्यांतली काही बंधने मुलांच्या रक्षणाची कुंपणे होती, एवढी साधी गोष्ट त्यांची हकीकत आपल्याला शिकविते. या साक्षीला 'ठरीव साचा' म्हणणाऱ्या पंडिताने ते वाक्य त्या मुलांसमोर उभे राहून उच्चारून पाहावे.

आणि पुण्याचे काय? पुण्याच्या स्मरणात रजनीश म्हणजे भगव्या कफनीतले गोरे, वाढलेली घरभाडी, विनोद खन्नांचा संन्यास, १९८० साली सभेत फेकला गेलेला सुरा. आज वर्तमानपत्रांत वाद गाजतात ते भूखंडांचे आणि मृत्युपत्राचे. १९८९ ची तारीख असलेले मृत्युपत्र २०१३ साली युरोपातील दाव्यात पुढे आले, त्यावरील सहीच्या खरेपणावरून तक्रारी झाल्या. आश्रमाच्या दोन भूखंडांच्या विक्रीला २०२३ साली धर्मादाय सहआयुक्तांनी परवानगी नाकारली. वारसा कोणाचा याविषयी शिष्यांचे दोन तट हिरिरीने भांडत आहेत. या भांडणात मालमत्तेला वारस आहेत, स्वामित्वहक्काला वारस आहेत, समाधीला वारस आहेत. झालेल्या दुखापतींना तेवढा कोणी वारस नाही.

तो वारसा पुण्याने घ्यावयास हवा. आश्रमात ज्या मराठी बायांनी मुले सांभाळली, ज्या माळ्यांनी बागा राखल्या, ज्या डॉक्टरांनी मोडलेली हाडे बसविली, ज्या पोलिसांनी तक्रारी नोंदविल्या किंवा नोंदविल्या नाहीत, त्यांच्यापाशीही या बखरीची पाने आहेत. आणि ती इंग्रजीत नव्हे, मराठीतच निघावयाची आहेत. ती माणसे आता म्हातारी झाली. आश्रमाने आपले दफ्तर अभ्यासकांना खुले करावे, ही मागणी करावी. पण तिच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. म्हाइंभटाने कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती. तो उठला आणि ज्याला आठवत होते त्याच्या दारी गेला. आपणही जावे, आणि ऐकताना समोरचा आत आहे की बाहेर, हे न विचारता एवढेच विचारावे : तुम्ही काय पाहिले?